सत्यभामाबाईंच्या नावाचं ताट

सत्यभामाबाईंच्या घरातल्या एकूण एक भांड्यावर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. हंड्यावर, कळशीवर, पळीच्या दांड्यावरसुद्धा यंत्राने टोचलेलं 'वैजनाथ'. वैजनाथ जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भांडी घासताना बोटाखाली ते नाव आलं की सत्यभामाबाई म्हणायच्या, "हा माणूस जित्तेपणी कधी घरात टिकला न्हाई, आता मांडणीवरून हालत न्हाई."

म्हणून शहादेवने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, दिवाळीनंतर बीडहून एक नवंकोरं स्टीलचं ताट आणि पेला आणून पुढे ठेवला, तेव्हा त्यांना आधी काही कळलंच नाही. ताटाच्या काठावर 'सत्यभामा' लिहिलेलं होतं. चौथीपर्यंतची शाळा, आपलं नाव त्यांना कुठेही ओळखता येई. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"माझं?"

"तुझंच. आता ह्याच्यातच जेवत जा, माय. दुसऱ्या कुणाला देऊ नको." मग तो बायकोकडे वळून म्हणाला, "मंगल, हे येगळं घासत जा. हौसेनं आणलंय, ओरखडे पडाया नको."

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंनी ते ताट पदराने पुसून गल्लीभर मिरवलं. शेजारणी हसल्या. एकीने टोमणा मारला, "लेक लई मायेचा हाय बया! सुनेच्या नावाची वाटी तरी आणली का?" मंगलही हसली. त्या घरात तेव्हा कुणालाही कुणाची शंका नव्हती.

गाव नेकनूरच्या अलीकडचं, रस्त्याला लागून. घराच्या ओसरीत शहादेवचं दूध संकलन केंद्र होतं. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी राहायची, दुधाचं फॅट लागलं की कुणी खूश व्हायचं, कुणी यंत्राला शिव्या घालायचं. मागे सत्यभामाबाईंची खोली. एक बाज, एक पेटी आणि एक लहान खिडकी. थंडी सुरू झाली की त्या खिडकीत पोतं कोंबलं जाई. गल्लीतल्या बायका कापूस वेचायला निघाल्या की लहान लेकरं याच खोलीत सोडून जात. कुणी सांगायचीसुद्धा गरज नसे. लेकरू दारात ठेवायचं आणि "काकू, हाय का?" एवढं ओरडायचं. आतून "हाय, हाय, मी कुठं जाते मरायला" असं उत्तर आलं की आई निर्धास्त रानाच्या वाटेला लागे. सत्यभामाबाई त्यांना गूळ-शेंगदाणे देत, नाकं पुसत, गोष्टी सांगत. शेजारच्या गहिनीनाथचा नातू हरिओम तर त्यांच्या मांडीवरच मोठा झाला होता.

पण सगळ्यांत जवळची नात, संस्कृती. तिसरं वर्ष लागलेलं. आईचं दूध तुटल्यापासून ती आजीच्याच कुशीत झोपे. आजीच्या पदराचं टोक मुठीत धरायचं, तोंड आजीच्या गळ्याशी खुपसायचं आणि मगच डोळे मिटायचे. मंगलने कधी उचलून आपल्याकडे नेली तर झोपेतसुद्धा तिला कळे आणि ती रडत उठे.

सत्यभामाबाईंना खोकला गणपतीपासून होता. लिंबागणेशला चतुर्थीला गेल्या तेव्हा पायऱ्यांवर दम लागून बसल्या होत्या. चुलीचा धूर, कडब्याचा भुसा, वय. कारणं काय, वाटेल तेवढी सापडतात. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं. पोलकं ढिलं पडलं. शेवटी दिवाळी होताच शहादेव त्यांना बीडला घेऊन गेला. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. मग शहादेव डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि सत्यभामाबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात औषधांची पिशवी होती.

"काय म्हणले?"

"काही न्हाई. अशक्तपणा हाय. ताकदीच्या गोळ्या दिल्यात, सहा महिने घ्यायच्या."

"सहा महिने? मला काय कुस्ती खेळायची हाय का?"

शहादेव हसला. ते हसू सत्यभामाबाईंना पुढे कितीतरी वेळा आठवणार होतं.

शहादेव लबाड माणूस नव्हता. दुधात कधी पाणी घातलं नाही, कुणाचं फॅट कमी लावलं नाही. पण एक खोड त्याला लहानपणापासून होती. वाईट बातमी त्याच्या तोंडून निघत नसे. दहावीत नापास झाला तेव्हा 'निकाल लागला न्हाई अजून' म्हणत त्याने पावसाळा काढला होता. त्याला वाटे, बातमी सांगितली नाही तर ती निम्मी तरी खोटी राहते.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल झाली तशा सत्यभामाबाई घाबरल्या. "ताकदीच्या गोळ्यांनं होतं तसं," शहादेव म्हणाला. त्यांनी विश्वास ठेवला. मुलाने सांगितलं, मग विषयच संपला. एकदा तर त्यांच्या मनात आलं होतं की पोरगी किडकिडीत आहे, तिलाही अर्धी द्यावी. दिली नाही, ही देवाचीच कृपा.

संक्रांत उलटली आणि खोकला गेला, अंगही भरलं. पण गोळ्यांनी पोटात आग पडे, जेवण नकोसं होई. ताकद तर आली, मग आता कशाला, असा साधा हिशेब त्यांनी केला. मुलाचं मन मोडू नये म्हणून त्या गोळी हातात घेत आणि त्याची पाठ वळली की उकिरड्यावर टाकत. त्यांनाही वाटलं नाही की आपण काही चुकतो आहोत. ताकदीची गोळी न घेतल्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

उन्हाळ्यात संस्कृतीला गोवर आला. त्यातून उठली ती काडीसारखी. पावसाळा लागला तसा आजीचा खोकला हळूच परत आला, आणि नातीला संध्याकाळी बारीक ताप भरू लागला. ती आता अंगणात पळत नसे. उंबऱ्यावर बसून दुसऱ्या लेकरांचा खेळ बघे. गावातल्या डॉक्टरांचं औषध झालं, सत्यभामाबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, पण पोर झडतच चालली. एक दिवस वेणी घालताना मंगलच्या बोटांना तिच्या मानेत सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. त्यानेच मंगल जास्त घाबरली.

"उद्या बीडला जायचं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी येत नसाल तर मी एकटी जाते."

सत्यभामाबाईही निघाल्या. पोरगी त्यांच्या मांडीवरून उतरेना.

बीडच्या दवाखान्यात त्यांना बऱ्याच खेपा माराव्या लागल्या. पोरीचं वजन झालं, छातीचा फोटो झाला, उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी काढलं, तेव्हा तिचा आक्रोश ऐकून सत्यभामाबाईंनी कान झाकून घेतले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. बाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या.

"हिला टीबी आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, हा बरा होतो. औषध पुरं घेतलं तर पूर्ण बरा होतो. पण मला एक सांगा, घरात कुणाला खोकला आहे? इतक्या लहान मुलाला हा आजार बहुतेक घरातल्या मोठ्या माणसाकडूनच येतो."

"पण जन्मली तवाच लस टोचलीय की हिला," मंगल म्हणाली.

"टोचली हे चांगलंच केलंत. मेंदूपर्यंत जाणारा वाईट टीबी त्या लसीने बराचसा टळतो. पण रोज कुणी जवळ खोकत असेल तर ती पुरी पडत नाही. त्यात वय लहान, त्यात गोवर होऊन गेलेला, वजन कमी. अंगात झुंजायला काही उरलेलं नसतं."

"खोकला मलाच हाय बाई," सत्यभामाबाई सरळ म्हणाल्या. "पण माझा अशक्तपणाचा हाय. लेकानं सगळं तपासून आणलंय. इचारा की त्याला."

शहादेव फरशीकडे बघत होता.

तेवढ्यात दारातून मुबीन आत आला. टीबीच्या पेशंटांच्या घरी जाऊन गोळ्या, चौकशी बघणारा तो कर्मचारी. डॉक्टरीणबाईंना काहीतरी विचारायला आला होता, पण शहादेवला बघून थबकला.

"शहादेवभाऊ! अहो किती फोन केले तुमाला! मावशीच्या शेवटच्या गोळ्या न्यायला कावून आला न्हाईत? मी घरी येतो म्हणलं तर 'गावात येऊ नका, मीच येतो' म्हणालता." मग त्याची नजर सत्यभामाबाईंच्या मांडीवर गेली. "हे लेकरू कुणाचं?"

"आमचं," मंगल म्हणाली.

मुबीनचा चेहरा उतरला. "तुमी तर म्हणालता, घरात लहान लेकरू न्हाई. मी दोनदा इचारलं होतं. दोनदा! असं लेकरू असलं की आमी त्याला आधीच तपासतो, आजार होऊ नये म्हणून औषध देतो. त्याच्यासाठीच तर इचारतो, भाऊ."

संस्कृती आजीच्या पदराशी खेळत होती.

"कशाच्या गोळ्या?" सत्यभामाबाईंनी विचारलं. मुबीनला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही, मुलाला. "शहादेव, माझ्या गोळ्या कशाच्या व्हत्या?"

"माय, तू खचली असतीस..."

"तुझा बाप आडवा पडला तवा तू दहा वर्षांचा व्हतास. तवा खचले न्हाई मी. कशाच्या व्हत्या?"

"टीबीच्या," तो म्हणाला. आणि लगेच, जणू कुणीतरी आपली बाजू घेईल या आशेने डॉक्टरीणबाईंकडे वळला. "पण मी काळजी घेतली होती, मॅडम. नुसतं सोडलं न्हाई. त्याच आठवड्यात तिचं ताट येगळं केलं. पेला येगळा केला. घासायलासुद्धा येगळं ठिवलं."

सत्यभामाबाईंनी मान वर केली.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताटाने नाही होत हो हा. माणूस खोकला की हवेतून जातो. बंद खोलीत, जवळ झोपलेल्या मुलाला सगळ्यांत आधी. हे मूल झोपायचं कुठे?"

"आत्याबाईच्या कुशीत," मंगल म्हणाली, आणि तिने तोंडावर पदर घेतला.

परतीच्या बसमध्ये मंगल पोरीला घेऊन पुढच्या सीटवर बसली. सत्यभामाबाई नाकातोंडावर दवाखान्यात दिलेला मास्क बांधून मागे एकट्या बसल्या. संस्कृती वळून वळून हात पसरत होती. प्रत्येक वेळी आजी खिडकीबाहेर बघत होती.

त्यांच्या डोळ्यांसमोर रोग नव्हता. डोळ्यांसमोर ते ताट होतं. आपण ते गल्लीत कुणाकुणाला दाखवलं, काय काय बोललो, हे एकेक आठवत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका वस्तूवर त्यांचं नाव आलं होतं, आणि ते कशासाठी, तर त्यांना घरापासून तोडून ठेवायला. बरं, तोडलं तेही धड नाही. ताट तोडलं आणि लेकरू कुशीत राहू दिलं. नुसतं एक वाक्य बोलला असता तर त्यांनी स्वतः बाज उचलून गोठ्यात टाकली असती. गोळी विषासारखी लागली असती तरी गिळली असती. ती संधीच पोटच्या पोराने त्यांना दिली नाही.

घरी आल्यावर शहादेव दारात बसला. सत्यभामाबाई लांब, अंगणातल्या बाजेवर बसल्या.

"मी खचेन म्हणून न्हाई सांगितलंस?"

तो नखाने उंबरा खरवडत राहिला.

"शहादेव, मी तुला जन्म दिलाय. तुझं 'निकाल लागला न्हाई' मला तवाबी कळत व्हतं. खरं बोल."

शेवटी तो म्हणाला, "टीबीच्या घरात दूध कोण घालील, माय? मुबीन गाडी घेऊन दारात आला असता, पोरीला तपासलं असतं, की गावभर झालं असतं. मला वाटलं, तू गोळ्या खाशील, बरी व्हशील, कुणाला कळणारबी न्हाई."

"दुधासाठी."

"घरासाठी."

"दुधासाठी," त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मग त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. "आरं, आणि ती बाकीची लेकरं? हरिओम? कापसाच्या दिवसांत खोली भरलेली असायची माझी. त्यांच्या आया माझ्या भरोशावर टाकून जायच्या. मला फसवलंस ते फसवलंस, माझ्या हातानं त्यांनाबी फसवलंस!"

शहादेवला हे खरोखरच सुचलं नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि तेच सत्यभामाबाईंना सगळ्यांत जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची रांग लागली तेव्हा त्या ओसरीच्या कोपऱ्यावर, माणसांपासून लांब, मास्क बांधून उभ्या राहिल्या. शहादेव यंत्रापाशी होता. "माय, आत जा," तो हळूच म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही.

"सगळे ऐका," त्या म्हणाल्या. "मला टीबी झालाय. दिवाळीपासून हाय, मला काल कळला. माझ्यापासून माझ्या नातीला झालाय. तुमची लेकरं माझ्या खोलीत बसायची. मुबीनभाऊंना मी बोलावलंय, उद्या ते दिवसाउजेडी गाडी घेऊन दारात येणार हायत. लेकरं घेऊन या आणि तपासून घ्या. लाजू नका, आणि लपवू तर अजिबात नका."

म्हातारा गहिनीनाथ पुढे आला. यंत्राखाली ठेवलेली आपली किटली त्याने उचलली.

"काय बे शहादेव," तो म्हणाला, "दिवाळीपासून मी तुझ्या दारात उभा राहतो. रोज 'राम राम काका' म्हणतोस. हरिओम तुझ्या डोळ्यांदेखत आत जायचा की रे! एकदा तरी म्हणायचंस, काका, आज नको."

गहिनीनाथ किटली घेऊन चालू लागला. त्याच्यामागे आणखी काही जण निघाले. जाताजाता म्हातारा सत्यभामाबाईंपाशी थांबला. "तुझ्यावर राग न्हाई, बाई," तो म्हणाला. "पण दूध आता इथं न्हाई घालणार."

"नका घालू," त्या म्हणाल्या. "हरिओमला तेवढं आणा."

मुबीन आला, डॉक्टर आले. लेकरांची वजनं झाली, तपासण्या झाल्या. कुणी आजारी निघालं नाही. ज्यांना लागत होतं त्यांना आजार होऊ नये म्हणून औषध सुरू झालं. हरिओमला कडू औषध गिळायला लावताना गहिनीनाथ त्याला जिलबीचं आमिष दाखवत होता, ते सत्यभामाबाई लांबून बघत होत्या. त्यांची थुंकी पुन्हा तपासून गोळ्या पहिल्यापासून सुरू झाल्या. खिडकीतलं पोतं त्यांनी स्वतः काढून टाकलं. त्यांची बाज अंगणात छपराखाली आली. संस्कृती झोपायच्या वेळी दारात उभी राहून "आज्जी, पदर!" म्हणून रडे. मग त्यांनी आपलं एक जुनं लुगडं स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून मंगलकडे दिलं. त्याचं टोक मुठीत धरून पोर आईजवळ झोपू लागली.

मंगल बरेच दिवस कुणाशीच बोलली नाही. सासूवर तिचा राग नव्हता, पण राग ठेवायला जागा तर लागतेच. एका संध्याकाळी, डॉक्टरीणबाईंनी आता काही भीती नाही असं सांगितल्यावर, तिने संस्कृतीला उचललं आणि न बोलता सासूच्या मांडीवर आणून ठेवलं. पोरीने आधी आजीच्या गळ्याला हात लावून बघितला, मग नेहमीसारखं तोंड खुपसलं. सत्यभामाबाई हात अधांतरी धरून बसल्या होत्या. तिला धरायचं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "धरा की, आत्याबाई," मंगल म्हणाली. "पडंल ती."

शहादेवने त्या काळात ते ताट एकदा भंगारवाल्याला द्यायला काढलं होतं. सत्यभामाबाईंनी त्याच्या हातातून ते काढून घेतलं. "नाव माझं हाय त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "तू कोण टाकणारा?" आता ते मांडणीवर वैजनाथच्या ताटांमध्येच असतं. ज्याच्या हाताला लागेल तो त्यात जेवतो.

पोरीचं औषध संपलं. गाठ विरली, गाल वर आले, आणि हरिओमला ढकलून पाडण्याइतकी ताकद अंगात आली. रांगेतली काही माणसं परत आली, काही आली नाहीत. गहिनीनाथ नाहीच आला. शहादेव आईची पूर्वीपेक्षा जास्त काळजी घेतो. पाणी तापवून देतो, दवाखान्याची तारीख चुकू देत नाही. सत्यभामाबाई त्याला जेवायला वाढतात, म्हशीचं विचारतात, कधी हसतातसुद्धा. लोक म्हणतात, मायलेकाचं सगळं जमलं.

परवा त्यांचं डोकं दुखत होतं. शहादेव नेकनूरला गेला होता, तो येताना गोळी घेऊन आला.

"ही घे, माय. पाण्याबरोबर."

सत्यभामाबाईंनी गोळी हातात घेतली. उजेडाकडे धरून पाकिटावरची अक्षरं बघितली. ती इंग्रजी होती.

"कशाची हाय?"

"डोक्याची. डोकं दुखतंय म्हणालीस म्हणून आणली."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गोळी पदराच्या गाठीत बांधली. "मुबीनभाऊ उद्या यायचे हायत. त्यांना दाखवते आणि मग घेते."

शहादेव पाण्याचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला.